धरणाखालचे गरुड

जलविद्युत् केंद्राच्या दारात रानपक्षी पाहावयास जावे, असे कोणी सुचविले तर ते प्रथमदर्शनी विक्षिप्तपणाचे वाटेल. काँक्रीटची भिंत, लोखंडी मनोरे, भोंग्याचा कर्कश आवाज आणि यंत्रांतून घुसळून निघालेले पाणी ह्यांत पक्ष्याला आवडण्यासारखे ते काय? तथापि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मेरीलँड राज्यात, सस्क्वेहाना नदीवरील कोनोविंगो धरणाच्या पायथ्याशी, दर वर्षी नोव्हेंबर महिन्यात श्वेतशीर्ष गरुडांचा असा मेळा भरतो की, त्यांची छायाचित्रे घेण्यासाठी दूरदूरच्या राज्यांतून माणसे येतात. एकाच दिवशी शंभराहून अधिक, क्वचित दोनशेच्याही वर गरुड तेथे मोजले गेले आहेत. नदीच्या पश्चिम तीरावरील घाटावर तिवयांची रांग लागते. तीवर बसविलेली भिंगे इतकी लांबलचक असतात की, एखाद्या अनभिज्ञ माणसाला ती तोफखान्याची मांडणी वाटावी.

हे पक्षी तेथे का जमतात, आणि पुढेही जमत राहतील काय, ह्या दोन प्रश्नांची उत्तरे शोधू लागले म्हणजे मासे, गाळ, यंत्रे आणि न्यायालये अशा अनेक विषयांत शिरावे लागते.

नदी आणि भिंत

सस्क्वेहाना ही न्यूयॉर्क राज्यातील ऑट्सेगो सरोवरातून निघते, पेनसिल्व्हेनियाचा मोठा भाग ओलांडते आणि मेरीलँडमध्ये चेसापीक उपसागराला मिळते. तिची लांबी सुमारे ७१५ किलोमीटर असून तिचे पाणलोट क्षेत्र सुमारे ७१,००० चौरस किलोमीटर आहे. चेसापीकमध्ये येणाऱ्या गोड्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे पाणी ही एकटी नदी आणते. वस्तुतः हा उपसागर म्हणजे ह्याच नदीचे बुडालेले खोरे होय. हिमयुग ओसरून समुद्राची पातळी चढली, तेव्हा पूर्वीच्या नदीपात्रात खारे पाणी शिरले आणि उपसागर निर्माण झाला.

मुखापासून सुमारे १६ किलोमीटर अंतरावर कोनोविंगो धरण आहे. त्याच्या बांधकामास १९२६ मध्ये आरंभ झाला आणि १९२८ मध्ये तेथे वीज निर्माण होऊ लागली. भिंतीची उंची सुमारे २९ मीटर व लांबी १,४०० मीटरांहून थोडी अधिक आहे. नायगारा सोडल्यास त्या काळी एवढे मोठे जलविद्युत् केंद्र त्या देशात नव्हते. कोनोविंगो नावाचे जुने गाव जलाशयाखाली गेले, आणि तेथील नदीवरचा जुना पूल १९२७ मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आला. आता राष्ट्रीय महामार्ग धरणाच्या माथ्यावरूनच जातो. प्रारंभी सात टर्बाइने होती. पुढे आणखी चार बसविण्यात आली. आजची क्षमता सुमारे ५५० मेगावॅट आहे.

कोनोविंगोचे वीजघर दिवसाचे चोवीस तास सारख्या जोराने चालत नाही. विजेची मागणी वाढते तेव्हा अधिक टर्बाइने सुरू करावयाची, मागणी उतरली की थांबवावयाची, अशी त्याची रीत आहे. त्यामुळे धरणाखालील पाणी काही घटकांत फुगते आणि तितक्याच लवकर ओसरते. पाणी सोडण्यापूर्वी नदीतील कोळ्यांना सावध करण्यासाठी भोंगा वाजवितात व दिवे लुकलुकवितात. ही सूचना माणसांसाठी असते खरी. परंतु तिचा लाभ पक्ष्यांना आणि त्यांच्या मागावर असलेल्या छायाचित्रकारांनाही होतो. भोंगा वाजला की घाटावरील गप्पा थांबतात, थर्मासची झाकणे लागतात आणि प्रत्येक जण आपल्या कॅमेऱ्यामागे उभा राहतो.

ताटात वाढलेले मासे

ह्या सर्व प्रकाराच्या मुळाशी गिझार्ड शॅड नावाचा एक सामान्य मासा आहे. हिलसाच्या दूरच्या नात्यातील हा चंदेरी मासा जलाशयात मोठ्या थव्यांनी राहतो. पाण्याबरोबर तो टर्बाइनांत खेचला जातो. तेथे काही मासे पात्यांच्या आघाताने मरतात. काहींवर दाबाच्या एकाएकी होणाऱ्या बदलाचा परिणाम होतो: वरच्या खोल पाण्यात असलेला दाब यंत्रातून बाहेर पडताना क्षणार्धात उतरतो, माशाच्या शरीरातील वाताशय फुगतो, कधी फुटतोही. जे वाचतात तेही काही काळ भोवंडलेल्या अवस्थेत पृष्ठभागावर तरंगत राहतात. थंडी पडू लागली की हा मासा मुळातच मंद होतो, आणि शरद ऋतूच्या अखेरीस त्याची हानी अधिक होते.

गरुडाला ह्याहून सोपी शिकार कोठे मिळणार? शिवाय यंत्रांतून निघणारे पाणी सतत हलते राहिल्याने उत्तरेकडील तळी व नद्या गोठल्या तरी हा पट्टा सहसा उघडा असतो. नदीत मध्यभागी खडकांची रांग आहे, खाली थोड्या अंतरावर रोलँड नावाचे झाडीचे बेट आहे, आणि बसावयास वीजवाहक मनोरे आहेत. भोजन, आसन आणि निवारा अशा तिन्ही सोयी एका ठिकाणी लाभतात.

चेसापीकच्या परिसराचे आणखी एक वैशिष्ट्य पक्षिशास्त्रज्ञांनी नमूद केले आहे. तेथे गरुडांचे तीन समुदाय एकमेकांत मिसळतात. एक तेथेच घरटी करून राहणारा. दुसरा कॅनडा व ईशान्येकडील राज्यांतून हिवाळ्यात खाली उतरणारा. तिसरा फ्लॉरिडासारख्या उष्ण प्रदेशातून उन्हाळ्यात वर येणारा. नोव्हेंबरमध्ये कोनोविंगोच्या खडकावर शेजारी शेजारी बसलेले दोन गरुड शेकडो कोसांच्या अंतरावर जन्मलेले असू शकतात.

गरुड एकटेच येत नाहीत हे सांगावयास नकोच. मोठे निळे बगळे पाण्याच्या कडेला उभे असतात, पाणकावळे प्रवाहात बुड्या मारतात, कुरव पक्ष्यांचे थवे सांडव्याखाली घिरट्या घालतात. ह्या कुरवांनी उचललेला मासा पुष्कळदा त्यांच्या पोटात जातच नाही. गरुड तो हवेतल्या हवेत हिसकावून घेतो. स्वतः पकडलेल्या माशापेक्षा दुसऱ्याच्या नखांतील मासा गरुडास अधिक रुचकर लागतो की काय, असा प्रश्न पाहणाऱ्यास पडावा, इतकी ही लुटालूट सर्रास चालते. गरुडाने गरुडावर घातलेली झडप, उलटे होऊन रोखलेली नखे आणि त्या धांदलीत निसटून पडणारा मासा, हेच दृश्य टिपण्यासाठी बहुतेक कॅमेरे रोखलेले असतात.

काळ्या गिधाडांचे नाव मात्र छायाचित्रकार कौतुकाने घेत नाहीत. वाहनांच्या काचेवरील पुसण्यांचे रबर आणि दारांच्या रबरी पट्ट्या चोचीने सोलून काढण्याचा नाद त्यांना आहे. म्हणून तेथे आलेली माणसे आपल्या मोटारी ताडपत्रीने झाकून ठेवतात. जगातील अत्यंत महागड्या भिंगांचे मालक आपल्या गाडीवर जाड कापड बांधीत आहेत, हे त्या वाहनतळावरील नेहमीचे दृश्य होय.

पांढरे डोके, काळी पाठ

ह्या गरुडाचे इंग्रजी नाव ‘बॉल्ड ईगल’ असे आहे. आज त्या शब्दाचा अर्थ टकला असा घेतात; पण जुन्या इंग्रजीत त्याला पांढऱ्या चिन्हाचा असा अर्थ होता. पक्ष्याचे डोके पिसांनी पूर्ण भरलेले असते, फक्त ती पिसे शुभ्र असतात. कोकणच्या किनाऱ्यावर दिसणारा पांढऱ्या पोटाचा सागरी गरुड हा त्याचा सगोत्र आहे. पूर्वी दोघांनाही हॅलिईटस ह्या एकाच प्रजातीत गणीत असत. पंखांचा विस्तार सुमारे २ मीटर असतो, आणि मादी नरापेक्षा मोठी असते.

पांढरे डोके व पांढरी शेपटी ही वयाची खूण आहे. पहिल्या वर्षीचे पिलू आकाराने पूर्ण वाढलेले असले तरी सर्वांगाने काळपट असते. चोचही काळी असते. दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी पोटावर व पंखांखाली पांढरे ठिपके व चट्टे उमटतात. चौथ्या वर्षी डोके उजळू लागते, परंतु डोळ्यावरून मागे जाणारी एक मळकट रेघ राहते. पाचव्या वर्षाच्या सुमारास पक्षी राष्ट्रचिन्हावरील चित्रासारखा दिसू लागतो. घाटावर प्रथमच आलेला मनुष्य पांढऱ्या डोक्यांकडेच भिंग वळवितो, आणि समोर बसलेल्या तपकिरी, कळकट पक्ष्याला दुसराच कोणी समजून सोडून देतो. अनुभवी माणसे तसे करीत नाहीत. ज्या मेळाव्यात तरुण पक्षी भरपूर आहेत, तेथे गेल्या चार वर्षांत घरट्यांत पिले जगली आहेत असा अर्थ होतो. आणि हा पुरावा छायाचित्रातील पिसांवरून सावकाश मोजता येतो. एखाद्याच्या पायात संशोधकांनी घातलेले कडे असेल, तर त्यावरील अक्षरेही कधी कधी चित्रात वाचता येतात, आणि तो कोठे व केव्हा जन्मला ते नोंदीतून काढता येते.

पण हा पक्षी चित्रात नीट उतरविणे सोपे नाही. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरच्या दृश्याचा सरासरी उजेड मध्यम करड्या रंगाइतका करू पाहतो. मागे काळसर पाणी किंवा सावलीतील काँक्रीट, मध्ये गडद तपकिरी देह, आणि त्यावर मुठीएवढे शुभ्र डोके, असे दृश्य असता मापक फसतो. तो अधिक प्रकाश आत घेतो आणि डोक्यावरील पिसांचा सारा तपशील नाहीसा होऊन तेथे कोरा पांढरा डाग उरतो. म्हणून जाणते छायाचित्रकार मापकाने सांगितलेल्यापेक्षा कमी प्रकाश घेतात, अथवा मापक बाजूला सारून डोक्याच्या पांढऱ्या रंगावरूनच आपले प्रमाण ठरवितात. पश्चिम तीरावरून पाहणाऱ्यास दुपारनंतर सूर्य पाठीशी येतो. तेव्हाचा तिरपा उजेड पंखांखालीही पोहोचतो, आणि काम हलके होते.

दुसरी अडचण वेगाची. ताशी ५४ किलोमीटर वेगाने उडणारा गरुड सेकंदाला १५ मीटर अंतर तोडतो. शटर एका सेकंदाचा २५० वा भाग उघडे राहिले, तर तेवढ्यात पक्षी ६ सेंटिमीटर पुढे जातो आणि आकृती फरकटते. २,००० वा भाग उघडे राहिले, तर तो केवळ साडेसात मिलिमीटर सरकतो. म्हणून तेथे १/२००० सेकंद किंवा त्याहूनही कमी काळ धरतात. गरुड पुष्कळदा पात्राच्या मध्यावर, शंभर मीटरांच्या पलीकडे शिकार करतात, त्यामुळे ५०० किंवा ६०० मिलिमीटर नाभ्यंतराची भिंगे लागतात. इतक्या लांब भिंगातून दिसणारा आकाशाचा तुकडा फार लहान असतो. झेपावणारा पक्षी त्यात धरून ठेवणे हे हाताचे व कमरेचे कसब आहे, यंत्राचे नव्हे.

पक्ष्याचे उड्डाण तुकड्या-तुकड्यांनी टिपण्याची कल्पना मात्र जुनी आहे. एत्येन-झ्यूल मारे ह्या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा तयार केला होता. तो सेकंदाला बारा चित्रे घेई. पंख वर जाताना कसे मिटतात व खाली येताना कसे पसरतात, हे त्या चित्रांवरून प्रथम नीट समजले. आजचा सामान्य कॅमेराही तेवढी चित्रे सहज घेतो. अशा मालिकेत गरुडाची शिकार पाहिली म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. महाराष्ट्रातील जलाशयांवर हिवाळ्यात येणारी ऑस्प्रे नावाची मत्स्यघार पाण्यात धाडकन शिरते, पुष्कळदा पूर्ण बुडते. श्वेतशीर्ष गरुड तसे करीत नाही. तो तिरकस उतरत येतो, शेवटच्या क्षणी पाय पुढे झुलवितो आणि पृष्ठभागावरील मासा ओरबाडून घेऊन पुढे निघून जातो. ह्याच सवयीमुळे त्याला तरंगणारा, अर्धमेला मासा हवा असतो, आणि टर्बाइन त्याला नेमका तोच पुरविते.

कायद्याने ह्या पक्ष्याला त्रास देणे हा अपराध आहे. घरटे वापरात असताना पायी जाणाऱ्यांनीही सुमारे १०० मीटर दूर राहावे, अशी सूचना आहे. कोनोविंगोला ह्या बाबतीत एक अंगभूत सोय लाभली आहे: माणसे घाटावरच उभी राहतात, पक्षी नदीवर राहतात, आणि मधले पाणी दोघांनाही आपापल्या जागी ठेवते. पक्ष्याला जवळ आणण्यासाठी आमिष टाकण्याची तेथे कोणालाही गरज नाही. ते काम वीजघर करते.

जे दिसेनासे होत होते

आज शेकड्यांनी दिसणारा हा पक्षी एका काळी संपत आला होता. १७८२ पासून तो राष्ट्रमुद्रेवर आहे, पण मुद्रेवरील मानाने त्याला गोळीपासून वाचविले नाही; मासे व कोकरे पळवितो म्हणून त्याची सर्रास हत्या होई. १९४० मध्ये त्याच्या रक्षणाचा कायदा झाला. तोवर दुसरे संकट जवळ आले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी हे कीटकनाशक मुबलक फवारले जाऊ लागले. ते पाण्यात आले, सूक्ष्म जीवांतून माशांत आणि माशांतून गरुडांत साठत गेले. त्याच्या विघटनातून होणाऱ्या द्रव्यामुळे मादीच्या शरीरात अंड्याच्या कवचासाठी लागणाऱ्या कॅल्शियमचा पुरवठा बिघडतो; कवच पातळ होते आणि उबविणाऱ्या पक्ष्याच्याच भाराने अंडे फुटते. १९६२ मध्ये रेचेल कार्सन ह्यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ ह्या ग्रंथाने हा विषय लोकांपुढे आला. १९६३ मध्ये अलास्का व हवाई वगळता उर्वरित ४८ राज्यांत मिळून अवघ्या ४१७ जोड्या घरटी करीत असल्याचे आढळले.

१९७२ मध्ये डीडीटीच्या शेतीतील वापरावर बंदी आली, आणि त्यानंतर संख्या हळूहळू वाढत गेली. २००७ मध्ये हा पक्षी संकटग्रस्तांच्या यादीतून काढण्यात आला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी अहवालात त्याच ४८ राज्यांत सुमारे ७१,४०० घरटी व ३,१६,७०० पक्षी असल्याचा अंदाज देण्यात आला. राष्ट्रीय पक्षी म्हणून कायद्याने त्याची नेमणूक झाली ती मात्र २०२४ च्या डिसेंबरात. तोपर्यंत ती करावयाची राहूनच गेली होती, हे बहुतेकांच्या लक्षातही आले नव्हते.

भरलेला जलाशय

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. नद्यांवरील प्रत्येक जलाशयाला एक आयुर्मर्यादा असते, कारण नदी पाण्याबरोबर गाळही आणते. वाहते पाणी जलाशयात थबकले की गाळ खाली बसतो. कोनोविंगोने १९२८ पासून सस्क्वेहानाचा गाळ अडविला. त्यात पेनसिल्व्हेनियाच्या शेतांतील माती आहे, खतांतून आलेले नत्र व फॉस्फरस आहेत, आणि जुन्या कोळसाखाणींतून वाहून आलेली कोळशाची भुकटीही आहे. उपसागराच्या दृष्टीने हे धरण म्हणजे एक मोठी गाळणी होती, आणि तीही विनामूल्य. २०१० मध्ये उपसागराच्या शुद्धीकरणाची मोठी योजना आखली गेली, तेव्हा ही गाळणी आणखी काही वर्षे काम देत राहील असे गृहीत धरलेले होते.

ते गृहीत चुकीचे ठरले. संशोधकांच्या मोजणीत असे दिसून आले की, जलाशयाची गाळ साठविण्याची शक्ती जवळजवळ संपली आहे. आता जितका गाळ वरून येतो, सरासरीने तितकाच खाली जातो. मोठा पूर आला की तळाशी बसलेला जुना गाळही उकरला जातो. प्रवाह सेकंदाला सुमारे ४ लाख घनफुटांवर गेला की हे खरवडणे जोरात सुरू होते. १९७२ च्या जून महिन्यात ॲग्नेस वादळाच्या वेळी प्रवाह ११ लाख घनफुटांवर गेला होता आणि धरणाचे सर्व ५३ दरवाजे उघडावे लागले होते. त्या पुराने उपसागरातील पाणगवताची व कालवांची फार हानी केली. २०११ च्या सप्टेंबरात ली नावाच्या वादळानंतर उपसागराच्या मध्यापर्यंत पसरलेला तपकिरी लोट उपग्रहांच्या छायाचित्रांत स्पष्ट दिसला. नत्र व फॉस्फरस वाढले की शैवल माजते, ते कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्च होतो, आणि तळाजवळचे खेकडे व कालवे गुदमरतात.

मग हा गाळ कोणाचा? धरण चालविणारी कंपनी म्हणते, तो वरच्या राज्यांतून येतो, आम्ही तो निर्माण केला नाही. उपसागरावर उपजीविका करणारे म्हणतात, धरण नसते तर तो वर्षानुवर्षे थोडा थोडा आला असता; असा साठून एका पुरात डोक्यावर पडला नसता. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि म्हणूनच तंटा सुटावयास इतका वेळ लागला.

त्या देशात खाजगी जलविद्युत् केंद्रांना संघीय ऊर्जा नियामक आयोगाकडून ठरावीक मुदतीचा परवाना घ्यावा लागतो. कोनोविंगोचा परवाना २०१४ मध्ये संपला. नव्या परवान्यापूर्वी संबंधित राज्याने पाण्याच्या गुणवत्तेविषयी दाखला द्यावा, असा कायदा आहे. मेरीलँडने २०१८ मध्ये कडक अटींचा दाखला दिला. कंपनी न्यायालयात गेली. २०१९ मध्ये तडजोड होऊन राज्याने आपला अधिकार सोडून दिला. २०२१ मध्ये आयोगाने ५० वर्षांचा परवाना दिला. त्यावर नदीरक्षक संघटनांनी दाद मागितली, आणि २०२२ च्या डिसेंबरात अपील न्यायालयाने परवाना रद्द केला: एकदा दिलेला दाखला राज्याला अशा रीतीने मागाहून सोडून देता येत नाही, हे त्याचे कारण. ह्या काळात केंद्र वर्षावर्षाच्या तात्पुरत्या मुभेवर चालत राहिले. २०२५ च्या ऑक्टोबरात राज्य, कंपनी आणि नदीरक्षक ह्यांच्यात नवा करार जाहीर झाला. त्यानुसार कंपनीने ३४ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम पाण्याची शुद्धता, माशांचे स्थलांतर, शिंपल्यांची पैदास, तरंगता कचरा आणि गाळ काढण्यासंबंधीचे अभ्यास ह्यांवर खर्चावयाची आहे. परवाना देण्याचा अंतिम अधिकार मात्र आयोगाकडेच ठेवलेला आहे.

शॅड, वाम आणि मरळ

माशांचे स्थलांतर हा ह्या वादातील दुसरा धागा असून गरुडांशी त्याचा संबंध अधिक निकटचा आहे. अमेरिकन शॅड हा मासा समुद्रात वाढतो आणि वसंतात अंडी घालण्यासाठी नदीत चढतो. एके काळी तो सस्क्वेहानातून न्यूयॉर्क राज्यापर्यंत जाई. धरणांनी ती वाट बंद केली. १९८० मध्ये मेरीलँडला ह्या माशाची मासेमारीच थांबवावी लागली. माशांना पाण्यासकट वर उचलून जलाशयात सोडणारी यंत्रणा, म्हणजे जणू माशांचा पाळणा, कोनोविंगोला १९७२ मध्ये व पुन्हा मोठ्या प्रमाणावर १९९१ मध्ये बसविण्यात आली. २००१ मध्ये तिने सुमारे १,९०,००० शॅड उचलले. पुढे मात्र संख्या घसरत गेली, आणि काही वर्षी ती १०,००० च्याही खाली आली.

वाम माशाची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. गोड्या पाण्यातील काही शिंपल्यांची पिले काही काळ वाम माशाच्या कल्ल्यांना चिकटून राहतात व त्याच्याबरोबर वर जातात. धरणाने वाम अडविला, म्हणून वरच्या पात्रांत शिंपल्यांची नवी पिढी रोडावली. आणि शिंपले पाणी गाळून स्वच्छ करतात, म्हणून त्यांच्या अभावी पाणी अधिक गढूळ राहिले. करारात शिंपल्यांच्या पैदाशीसाठी पैसे का ठेवले, ते ह्यावरून ध्यानात येईल.

त्यात अलीकडे एका परक्या पाहुण्याची भर पडली आहे. आपल्याकडील मरळ माशाचा चिनी भाऊबंद असा ‘स्नेकहेड’ मासा ह्या नदीत शिरला आहे. तो खादाड असून थोडा वेळ पाण्याबाहेरही जगू शकतो. पाळण्यातून शॅडबरोबर तोही वर जाऊ नये, म्हणून आता मासे निवडून वेगळे करावे लागतात, आणि हवे तेवढेच पुढे टाक्यांतून मोटारीने नेले जातात. बंगालात वा कोकणात ज्याच्या कालवणाची स्तुती होते, त्याच्या भाऊबंदाला तेथे घुसखोर म्हणून अडविण्यात येते.

येथे एक पेच आहे. माशांची हानी कमी करणारी टर्बाइने बसविली, किंवा पाणी सोडण्याचे चढउतार सौम्य केले, तर नदीच्या दृष्टीने ते हितावहच होईल. परंतु पृष्ठभागावर भोवंडून तरंगणाऱ्या माशांचे प्रमाण त्या मानाने घटेल. नोव्हेंबरातील गरुडांची गर्दी ही नदीच्या आरोग्याची खूण नसून तिच्या एका दुखण्याची खूण आहे, असे म्हणणे कटू असले तरी खोटे नाही. छायाचित्रकारांपैकी जे विचार करतात त्यांना हे ठाऊक आहे.

धरण पाडावे हा आजच्या वादाचा मुख्य विषय नाही. भिंत हलविली तर तिच्यामागे शतकभर साचलेला गाळ खाली येईल, आणि पेनसिल्व्हेनियातील पीच बॉटम अणुवीज केंद्र ह्याच जलाशयाच्या पाण्याने थंड ठेवले जाते. अन्यत्र मात्र धरणे पाडली गेली आहेत. मेन राज्यातील केनेबेक नदीवरचे एडवर्ड्स धरण मालकाची इच्छा नसतानाही आयोगाने परवाना नाकारल्यामुळे १९९९ मध्ये फोडण्यात आले. तेथील हे पहिलेच उदाहरण. तिच्या सेबॅस्टिकूक ह्या उपनदीवरील फोर्ट हॅलिफॅक्स धरण २००८ मध्ये काढले. त्यानंतर एलवाइफ नावाचे लहान चंदेरी मासे, हेही शॅडच्याच कुळातले, दर वसंतात लाखोंनी त्या नदीत चढू लागले, आणि त्यांच्यामागोमाग श्वेतशीर्ष गरुड आले. तेथील मेळावा आता ईशान्येकडील राज्यांतील सर्वांत मोठ्या मेळाव्यांपैकी एक गणला जातो. फरक एवढाच की, तो नोव्हेंबरात भरत नाही, मे-जूनमध्ये भरतो. आणि पक्षी एका भिंतीखाली दाटी न करता नदीच्या लांबीवर झाडाझाडांतून विखुरलेले असतात. त्यांचे छायाचित्र घेणाऱ्यास घाटावर तिवई रोवून भोंग्याची वाट पाहता येत नाही, नावेतून जावे लागते.